तिसऱ्या राशीवर इंजिन मंद

विमानात मी कधी घाबरलो नाही. ही बढाई नव्हे, तिथे घाबरायला वेळच मिळत नसे. माझी खरीखुरी घाबरगुंडी उडाली ती जमिनीवर, पनवेलच्या खाडीकाठी, मिठाच्या राशीवर उभा असताना. अंगात पांढरी पाटलोण, बगलेत विमानाचा दांडा, केसांत पेंढा, आणि डोक्यावर घिरट्या घालणारं आमचं विमान, ज्यात मी नव्हतो. या अंकाच्या संपादकांनी ‘विमानातला एखादा थरारक अनुभव लिहा’ असं कळवलं, तेव्हा मी उलट टपाली विचारलं की विमानाबाहेरचा चालेल का. त्यांचं उत्तर यायच्या आतच लिहायला बसलो आहे, त्यामुळे आता त्यांचा नाइलाज आहे.

गोष्ट पन्नास सालानंतरच्या पाच-सात वर्षांतली. पनवेलला तेव्हा आगगाडी आलेली नव्हती. मुंबईहून यायचं तर ठाण्यावरून एसटीने, धूळ खात. गावात भाताच्या गिरण्या आणि बैलगाड्या बनवणारे नामांकित सुतार, आणि गावाबाहेर खाडीच्या दोन फाट्यांमधल्या माळावर आमची वैमानिक शाळा. शाळा म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन विमानं, वाऱ्याची दिशा दाखवणारा एक कापडी मोजा, आणि त्या मोज्यापेक्षा जास्त फुगलेला मी. शिकवणारे आम्ही दोघंच. मी, आणि माझे वरिष्ठ निंबाळकरसाहेब. ते हवाई दलातून आलेले होते. त्यांच्या मिशा आणि त्यांचे नियम दोन्ही ताठ.

बाहेरच्या माणसाला या धंद्याची कल्पना नसते म्हणून थोडं सांगतो. आमची विमानं दुपंखी, एकावर एक पंख असलेली, वर कापड ताणून रंग दिलेला. बैठका दोन, एकामागे एक, दोन्ही उघड्या. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी. दोघांच्याही पुढ्यात विमान वळवण्याचा एकेक दांडा, आणि दोन्ही दांडे आतून जोडलेले, म्हणजे मागच्याने हलवला की पुढचाही हलतो. बोलायला एक रबरी नळी. वारा आणि इंजिन यांच्या गदारोळात त्या नळीतून मी ओरडायचो आणि मागून ‘काय?’ असा आवाज यायचा. सगळं अध्यापन या ‘काय?’वर चालायचं.

लोकांना वाटतं, शिकवणं म्हणजे दाखवणं. विमानात शिकवणं म्हणजे स्वतःच्या हातांवर बसून राहणं. विद्यार्थी चुकतो आहे, जमीन वर येते आहे, तुमचे हात शिवशिवताहेत, आणि तरी दांड्याला हात लावायचा नाही, कारण लावलात की उतरलात तुम्ही, तो नाही. उडणं सोपं आहे, विमानाला मुळात उडायचंच असतं. अवघड ते उतरणं, आणि त्यातही शेवटचे दहा फूट. इंजिन नेमकं कुठे मंद करायचं, नाक नेमकं केव्हा उचलायचं, हा सगळा डोळ्यांचा अंदाज. तो चुकला की विमान जमिनीवर आपटतं, उसळतं, पुन्हा आपटतं. आम्ही त्याला बेडूकउडी म्हणायचो.

या बेडूकउड्यांना आमच्या माळावर प्रेक्षक होते. माळाच्या पूर्व टोकाला, तिवरांच्या रांगेपलीकडे, मिठागर होतं. तिथला मुकादम हिराजी म्हात्रे आणि त्याची आगरी माणसं बांधावर उभी राहून प्रत्येक विमानाच्या उड्या मोठ्याने मोजत. विमान टेकलं की ‘एऽऽक’, उसळून पुन्हा टेकलं की ‘दोऽऽन’. वारा पडलेला असला की शेडपर्यंत ऐकू यायचं. निंबाळकरसाहेब विद्यार्थ्याला शेरा देताना आधी कान देत, मग पेन उघडत.

हिराजी मला ‘मास्तर’ म्हणे. पहिल्याच आठवड्यात त्याने मला गाठून विचारलं होतं, “मास्तर, तुमचा इमान हाय का बेडूक?” मी म्हटलं, “विद्यार्थी नवा आहे.” तर म्हणाला, “तो नवा हाय ता ठीक. पन पुढं बसलेला जुना हाय ना?” त्या दिवसापासून आमची दोस्ती.

दिवस असे मजेचे होते की आता आठवलं तरी हसू येतं. एका गिरणीमालकाने पहिल्या उड्डाणाआधी पंख्यावर नारळ फोडायचा हट्ट धरला, आणि फिरत्याच पंख्यावर. आमच्या डिसोझा मेकॅनिकने त्याला कमरेला मिठी मारून मागे ओढलं, आणि दोघंही चिखलात बसले. एकदा म्हशीने रात्रीतून विमानाची शेपटी खाल्ली. खोटं वाटेल, पण त्या कापडावरचा रंग गुरांना मिठाईसारखा लागतो. मूळ सुटे भाग विलायतेहून यायला चार महिने लागत, म्हणून शेपटी शिवली बाजारातल्या शिंप्याने, आणि शेपटीखालची लाकडी घोडी, जिच्यावर विमान घसरत थांबतं, ती करून देई रामभाऊ सुतार. बैलगाड्यांची चाकं करणारा तो माणूस. एकाच हंगामात ती घोडी चौथ्यांदा मोडून त्याच्याकडे नेली तेव्हा त्याने ती उलटसुलट करून पाहिली, बाजूला ठेवली आणि म्हणाला, “मास्तर, लाकूड चांगलं आहे. बैल बदला.”

तो बैल म्हणजे प्रधान बाई. इथून माझी गोष्ट सुरू होते.

प्रधान बाई पनवेलच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. वय छत्तिशीच्या आसपास, अंगाने काटक, नाकावर चष्मा, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलीची झोप उडावी. माळावर आल्या त्या दिवशी मी विचारलं, “तुम्हाला कशासाठी शिकायचंय?” त्या म्हणाल्या, “पंधरा वर्षं मुलींना नकाशा शिकवतेय. तो खरा आहे का, एकदा वरून बघायचंय.” मी म्हटलं, “मग एक चक्कर मारून आणतो.” त्या म्हणाल्या, “दुसऱ्याने दाखवलेलं मी पंधरा वर्षं शिकवतेच आहे. मला एकटीने बघायचंय.” साडीवर खाकी कोट चढवून, पदर घट्ट खोचून त्या मागच्या बैठकीत चढल्या तेव्हा निंबाळकरसाहेबांची मिशी पहिल्यांदा हललेली मी पाहिली.

हवेत बाई उत्तम होत्या. कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगडाचं पठार, बेलपाड्याची भातखाचरं, सगळं त्या नळीतून मलाच शिकवायच्या. “सर, हा खाडीचा फाटा नकाशात आहे त्यापेक्षा जास्त वळतो!” असं त्या आनंदाने किंचाळायच्या आणि त्या आनंदात विमान एका बाजूला कलायचं. उतरण्याची मात्र बोंब. चष्म्यामुळे असेल किंवा उत्साहामुळे, जमीन त्यांना नेहमी अपेक्षेपेक्षा आधी भेटायची. हिराजीची माणसं पाचापर्यंत मोजत. एकदा सातापर्यंत गेली, आणि बांधावर टाळ्या झाल्या.

शाळेचा नियम होता की वीस तासांच्या शिकवणीत जो एकटा उडण्याजोगा झाला नाही, त्याचं नाव कमी. बाई साडेअठरा तासांवर आल्या होत्या. त्यातच बातमी आली की जूनपासून त्यांची चिपळूणला मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक झाली आहे. चिपळूणला ना विमान ना माळ. म्हणजे मे संपेपर्यंत एकटीने उडाल्या तर उडाल्या, नाहीतर नकाशा तसाच राहिला. एक दिवस, पाच उड्यांनंतर, बाई खाली उतरून बराच वेळ विमानाच्या पंखाला हात लावून उभ्या राहिल्या. ते मला बघवलं नाही, आणि मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मूर्ख उपाय केला.

हिराजीच्या आगरात मिठाच्या तीन मोठ्या राशी होत्या. मधली पटांगणासारखी खाचरं करडी, आणि त्यांत या तीन पांढऱ्याशुभ्र राशी ओळीने. शेडमधून त्या दिसत नसत, तिवरं आणि बांध आड येत. वरून मात्र लख्ख दिसायच्या. पश्चिमेचा वारा असला की उतरताना विमान नेमकं त्यांच्यावरून यायचं. मी बाईंना नळीतून सांगितलं, “अंदाज वगैरे विसरा. पाचशे फुटांवर या, आणि तिसरी रास डाव्या पंखाखाली आली की इंजिन मंद. बाकी विमान करील.”

विमानाने केलं. पहिल्याच खेपेला फक्त दोन उड्या. दुसऱ्यांदा दोनच. बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला आणि मला तर तोही नाही. आता यात चूक काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. चूक अशी, की शिकवणाऱ्याने खूण देऊन पोरं उतरवायची नाहीत, हा या धंद्यातला पहिला धडा. निंबाळकरसाहेब म्हणत, “खूण आज असेल, उद्या नसेल. डोळा जन्मभर असतो.” म्हणून मी ही गोष्ट त्यांना सांगितली नाही. त्यांनी कान दिला, दोन उड्या ऐकल्या आणि म्हणाले, “वा साठे, बाईंना डोळा आला तर! रविवारी मी स्वतः येतो. एकटीला सोडू.”

एरवी आमची शाळा मेच्या मध्यावर बंद व्हायची आणि मी मुंबईला घरी जायचो. त्या वर्षी बाईंसाठी पंधरा दिवस जास्त चालवली. हे लक्षात ठेवा.

रविवारी दुपारी दोनला मी बाईंबरोबर तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा तिसरी रास, इंजिन मंद, दोन उड्या. मग साहेबांची वाट पाहत बसलो. त्यांच्या जीपचं चाक मुंब्र्याजवळ पंक्चर झालं होतं, ते साडेचारला उगवले. तोवर प्रबळगडाच्या मागे एक काळा ढग वर आला होता, पण लांब होता. साहेब म्हणाले, “तासभर तरी येत नाही. सोडा.”

पहिल्या एकट्या उड्डाणाचा आमच्यात एक विधी असतो. शिक्षक पुढच्या बैठकीतून खाली उतरतो, रिकाम्या बैठकीचे पट्टे आवळून बांधतो, तिथला दांडा उपसून काढतो, बगलेत मारतो आणि मागे न बघता चालू लागतो. काहीही उपदेश करायचा नाही. दांडा काढला याचा अर्थ, आता हे विमान तुझं. मी तसंच केलं. बाईंनी चष्मा पुसला, वरून विमानातला मोठा गॉगल चढवला, डिसोझाने पंखा फिरवला आणि विमान धुरळा उडवत निघून गेलं.

उड्डाण छान झालं. मी शेडपाशी येऊन उभा राहिलो, बगलेत दांडा, छाती पुढे. साहेब आरामखुर्चीत, डोळ्यांना दुर्बीण. विमान एक चक्कर मारून पूर्वेकडून उतरायला आलं, सरळ, सुरेख. आता इंजिनचा आवाज मंद होईल म्हणून मी मनात म्हटलं, ‘आता.’

आवाज मंद झाला नाही. विमान तसंच गुरगुरत आमच्या डोक्यावरून निघून गेलं.

“जरा उंच होत्या,” साहेब म्हणाले. “पुन्हा प्रयत्न करतील. शहाणपणाचं आहे.”

दुसऱ्या खेपेलाही तसंच. इंजिन पूर्ण चालू, विमान तीनशे फुटांवरून भुर्रकन पुढे. मी एकदम तिवरांकडे पाहिलं, अर्थात तिथून काही दिसणार नव्हतं. मग आठवलं, की दुपारपासून बांधावर कोणीच मोजायला आलेलं नाही. आमच्याकडे लोखंडी शिडी होती. मी शेडच्या पत्र्यावर चढलो. आगराच्या जागी आगर होतं, पण राशी नव्हत्या. तीन करड्या-तपकिरी उंचवटे तेवढे, चहूबाजूंच्या वाळल्या माळासारखेच.

हे पनवेलच्या शाळकरी पोराला ठाऊक होतं, मला नव्हतं. पाऊस जवळ आला की आगरी लोक मिठाच्या राशी पेंढ्याने शाकारून टाकतात, घर शाकारावं तशा. दरवर्षी मेअखेर. दरवर्षी मी तेव्हा मुंबईत असायचो. आणि आज हिराजीने तो ढग पाहिला होता, दोन वाजल्यानंतर.

मी शिडीवरून उतरलो की पडलो, आठवत नाही. “साठे, काय झालं?” असं साहेब विचारत होते. मला सांगता आलं असतं. न सांगता मी डिसोझाची सायकल ओढली आणि बांधाच्या वाटेने सुटलो, बगलेत तो दांडा तसाच. हे का केलं, तर भीतीपोटी, आणि भीती बाईंच्या जिवाची जास्त की माझ्या अब्रूची, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. पेट्रोल तासाभराचं होतं. ढगातला वारा मात्र त्याआधी येणार होता, आणि त्या वाऱ्यात तसलं हलकं विमान उतरवणं मलाही जड गेलं असतं.

आगरात हिराजी आणि पंधरा-वीस माणसं शेवटच्या राशीवर दोऱ्या आवळत होती. मी सायकल फेकली.

“हिराजी, पेंढा काढ! तिसरी रास उघडी कर!”

“काय झाला मास्तर? डोकं फिरला का?” हिराजीने ढगाकडे बोट केलं. “आभाल बगा कसा आलाय. पानी परला त सगला मीट खाडीन जाईल. चार महिन्यांची मेहनत हाय आमची.”

मी धापा टाकत सगळं सांगितलं. राशीची खूण, इंजिन, साहेबांपासून लपवलेलं. तेवढ्यात विमान तिसऱ्यांदा आमच्यावरून आलं, या वेळी इंजिन थोडं मंद झालं, पण उशिरा, आणि पुन्हा जोरात गरजून वर गेलं. सगळी माणसं माना वर करून पाहत राहिली.

“कोन हाय त्यान?” हिराजीने विचारलं.

“प्रधान बाई. शाळेतल्या. एकट्याच आहेत.”

“भूगोलाची बाय?” हिराजीचा चेहरा बदलला. “आमचे सुमनला शिकवते ती?” त्याने एकवार ढगाकडे पाहिलं, एकवार राशीकडे, आणि माणसांवर ओरडला, “आरं बगताव काय! पोरीची बाय हाय ती! काडा पेंडा!”

मग जे झालं त्याला काम म्हणत नाहीत, धुमाकूळ म्हणतात. वीस माणसं राशीवर चढली. दोऱ्या कोयत्याने तोडल्या. पेंढा उडू लागला. मी विमानाचा दांडा पेंढ्याखाली घालून पहारीसारखा उचकत होतो. आयुष्यात तो दांडा मी इतक्या प्रामाणिकपणे कधी वापरला नव्हता. एक कातकरी बाई खालून पेंढ्याचे भारे झेलत मोठमोठ्याने हसत होती, कारण मी दर दोन मिनिटांनी घसरून मिठात बसत होतो. डोळ्यांत मीठ, कानात पेंढा, आणि तोंडाने माझं चालूच, “वरचा भाग! वरचा आधी! वरून दिसलं पाहिजे!” पांढरी रास पुन्हा उघडी पडत गेली. मी शेवटचा मोठा भारा दोन्ही हातांनी कवटाळून ओढत होतो, माळाकडे पाठ, डोकं पेंढ्यात, तेव्हा वरून इंजिनचा आवाज आला, आणि एकाएकी मंद झाला.

पण विमान राशीवर आलेलंच नव्हतं. आवाजावरून ते अजून लांब होतं, बरंच लांब. आवाज चुकीच्या जागी मंद झाला होता. मी वळायला गेलो आणि पाय घसरला. भारा अंगावर घेऊन मी तसाच उताणा पडलो. पेंढ्याखाली अंधार. मला बाहेर पडता येईना. वरून फक्त विमानाच्या पंखांमधल्या तारांतून शीळ घालत जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज गेला, आणि मग काहीच नाही.

त्या काहीच नाहीमध्ये मी कितीतरी नवस बोललो.

मग राशीवर उभ्या असलेल्या माणसांनी, सवयीने, सगळ्यांनी मिळून मोजलं, “एऽऽक.”

मी ‘दोन’ची वाट पाहिली. हिराजीही थांबला होता. सगळेच थांबले होते.

‘दोन’ आलं नाही.

पेंढा बाजूला सारून मी उठलो तेव्हा माळावर विमान शेपटी टेकवून शांत उभं होतं, पंखा फिरत होता, आणि मागचा धुरळासुद्धा बसत आला होता. माणसं नाचत होती. कोणीतरी मला मिठासकट उचललं. मी हसत होतो आणि रडतही होतो, दोन्हीला मीठच कारण असं तेव्हा सांगितलं.

आनंद फार टिकला नाही, कारण हिराजीने आभाळाकडे बोट दाखवलं. मग उलटा धुमाकूळ. काढलेला पेंढा पुन्हा राशीवर. थोड्याच वेळात जीप आली. तीतून निंबाळकरसाहेब उतरले, डिसोझा उतरला, आणि गॉगल कपाळावर चढवलेल्या प्रधान बाई उतरल्या. विचारपूस न करता बाईंनी कोट काढला आणि पेंढा उचलायला लागल्या. साहेबांनी दोन भारे डोक्यावरून नेले, मिशीत काड्या. शेवटची दोरी आवळली आणि टपोरे थेंब आले. राशीचा एक कोपरा तेवढा भिजला. हिराजी म्हणाला, “जाऊ दे. तेवडा बायचे लग्नाला दिला समजू.” बाई म्हणाल्या, “माझं लग्न झालेलं नाही, हिराजी.” तो म्हणाला, “म्हनून त दिला.”

आम्ही सगळे मिठाच्या झोपडीत पाऊस थांबायची वाट पाहत उभे होतो. साहेब माझ्याकडे वळले. “साठे, असं उतरणं मी वर्षानुवर्षांत पाहिलेलं नाही. तुम्ही शिकवलंत तरी कसं?”

आयुष्यात मला कौतुक नाकारायची सवय नव्हती. पण तोंडात मीठ होतं. मी म्हटलं, “साहेब, ते मी शिकवलेलं नाही. मी शिकवलं ते या पेंढ्याखाली आहे.” आणि सगळं सांगून टाकलं.

साहेब काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, “पहिल्या फेरीत रास दिसली नाही तेव्हा मी खरंच घाबरले. दुसऱ्या फेरीत कळलं. मे महिना, राशी शाकारल्या. अहो, हे मी चौथीला शिकवते.”

“मग?”

“तिसऱ्या फेरीत स्वतःच्या मनाने इंजिन मंद केलं, पण उशीर झाला. किती उशीर झाला ते लक्षात ठेवलं. चौथ्या फेरीला येताना खाली पाहिलं तर राशीवर कोणीतरी पांढऱ्या पाटलोणीत नाचतंय. आधी वाटलं, काय हे! मग बगलेतला दांडा ओळखला.” त्या हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या. “रास चांगली पांढरी दिसत होती, सर. पण मी तिच्याकडे बघितलंच नाही. आधीच मंद केलं.”

“का?” मी विचारलं. “एवढं आम्ही…”

“रास बघून उतरले असते, तर तुम्ही उतरवलं असतं.”

मी केसांतला पेंढा उपसायला लागलो. पाऊस तेवढ्यात थांबला. साहेब मला म्हणाले, “पुढच्या हंगामापासून तुमचे विद्यार्थी पश्चिमेच्या टोकाने उतरतील. तिथे फक्त पाणी आहे.” शिक्षा म्हणाल तर एवढीच झाली. बाईंच्या उड्डाणवहीत त्यांनी ‘उतरणे उत्तम’ असा शेरा लिहिला आणि खाली सहीसाठी वही माझ्याकडे सरकवली. न पाहिलेल्या गोष्टीखाली मी आयुष्यात एकदाच सही केली, ती ही.

जूनमध्ये बाई चिपळूणला गेल्या आणि पुन्हा कधी उडाल्या नाहीत. चिपळूणहून त्यांचं एक पत्र आलं. त्यात होतं, ‘नकाशा बरोबर आहे. फक्त त्यात हिराजीच्या राशी नाहीत, त्या मी पेन्सिलीने काढून घेतल्या आहेत.’

या नोकरीत मोठं वेतन नाही, नाव तर अजिबात नाही. एकच मजा असते. दांडा बगलेत धरून माळावर उभं राहायचं आणि आपला विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उतरताना बघायचं. पुढची बरीच वर्षं मी ते बघितलं, सगळ्यांचं बघितलं. फक्त त्या एकाच उतरण्याच्या वेळी, सगळ्यांत सुंदर उतरण्याच्या वेळी, मी पेंढ्याखाली होतो. याची चुटपुट गेली नाही, आणि जाणारही नाही.

म्हणून निवृत्तीनंतर पनवेलला गेलो की मी हिराजीकडे जातो. आता त्याचं वय झालंय, आगर मुलगा बघतो. चहा झाला की मी म्हणतो, “सांग.” तो विचारत नाही काय सांगू. हात पसरतो आणि सांगतो, “अशी आली बगा. भातान बगला उतरतो ना, तशी. पाय सोडले, नि टेकली. आमी म्हटला, एऽऽक.”

आणि मग तो थांबतो. मीही थांबतो. आम्ही दोघं म्हातारे तोंडं उघडी टाकून ऐकत बसतो, आणि ‘दोन’ काही येत नाही.